उकिरड्यापासून गृहपाठाच्या वहीपर्यंत

सातारा-सांगलीच्या खेड्यांत घरचा कचरा एकेकाळी उकिरड्यावर जात असे. शेण, चुलीतली राख, वैरणीची चघळण, भाजीची देठे तिथे कुजत आणि शेणखत होऊन उन्हाळ्यात रानात पडत. जुनेराच्या गोधड्या होत किंवा त्यावर बोहारणीकडून भांडे मिळे. पत्रा-लोखंड भंगारवाला नेई. उकिरडा उघड्यावर असला तरी घरातले फारसे काही सांगत नसे, कारण एका घरची राख दुसऱ्या घरच्या राखेसारखीच दिसे.

प्लॅस्टिक आले आणि कचरा बोलका झाला. हा कचरा कुजत नाही, आणि त्यावर नाव, किंमत, तारीख छापलेली असते. औषधाच्या पाकिटावरून आजार कळतो, मोठ्यांच्या डायपरवरून अंथरुणाला खिळलेले माणूस, गुटख्याच्या पुडीवरून व्यसन. शाम्पूची एकेक पुडी आणणारे घर आणि मोठी बाटली आणणारे घर यांच्या ऐपतीतला फरकही लपत नाही.

घरची स्वच्छता हा साऱ्या गावाचा विषय झाला तो संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने. २०००-०१ मध्ये ते सुरू करणारे तत्कालीन ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. बक्षिसासाठी गावे स्पर्धेत उतरली आणि घरात शौचालय आहे की नाही याची चौकशी दारापर्यंत आली. गावे स्वच्छ झाली, हे या अभियानाचे मोठेच यश आहे.

हाच विषय शाळेत पोचला तो न्यायालयाच्या आदेशाने. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला आणि २००४ मध्ये त्यासाठीचा एनसीईआरटीचा अभ्यासक्रम मान्य केला. घरातल्या प्लॅस्टिकची आठवडाभर नोंद ठेवण्याचा उपक्रम या शिक्षणात सहज बसतो. मूल स्वतः मोजते, तेव्हा आकडा त्याच्या मनात राहतो.

महाराष्ट्राने २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरानंतर, २००६ मध्ये, ५० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी खूपच व्यापक झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,००० रुपये, तिसऱ्याला २५,००० रुपये आणि तीन महिन्यांचा कारावास अशी शिक्षा ठरली. तेव्हापासून ‘घरात कॅरीबॅग किती?’ या प्रश्नाला मुलाने लिहिलेले खरे उत्तर म्हणजे आईवडिलांच्या दंडनीय वर्तनाची नोंदही ठरू शकते. म्हणून अशा नोंदवहीबद्दल पालकांना काळजी वाटली, तर ती अनाठायी नाही.

कचऱ्यातून माणूस वाचता येतो, हे शास्त्रानेही दाखवले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठात विल्यम रॅथजे यांनी १९७३ पासून टूसान शहरातील घरांचा कचरा तपासला. लोक जेवढे मद्य पितो म्हणून सांगत, त्यापेक्षा जास्त पीत असल्याचे रिकाम्या बाटल्यांवरून दिसले. मात्र कोणता कचरा कोणत्या घरचा, हे उघड होणार नाही याची काळजी त्या प्रकल्पाने घेतली होती.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळलेल्या संमतीचे तत्त्व घातले. शैक्षणिक संस्थांना मर्यादित सवलती आहेत. कागदी वही या कायद्यात येत नाही, पण तिचा फोटो वर्गाच्या मोबाइल गटावर गेला की ती माहिती डिजिटल होते.

मोजणी आणि खासगीपण यांत मुळात विरोध नाही. मुलांनी नाव न लिहिता फक्त प्रकारवार आकडे चिठ्ठीवर आणावेत, औषधे व आरोग्याच्या वस्तू वगळाव्यात, बेरीज वर्गाची करावी आणि चिठ्ठ्या नष्ट कराव्यात. वर्गाला धडा मिळतो तो या बेरजेतूनच. कोणत्या घरात काय सापडले, हे जाणण्याची गरज त्या धड्याला नाही.