पाण्याची वाटणी, पदांची वाटणी

धरण बांधणाऱ्याच्या हाती राज्य सोपविले तर काय होते, याचे उत्तर शोधायला आपल्या सीमाभागातील माणसाला फार दूर जावे लागत नाही. १९१२ साली म्हैसूरच्या महाराजांनी आपल्या मुख्य अभियंत्यालाच दिवाण केले. ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

कन्नड मुलखात जन्मलेला हा माणूस इंजिनिअर म्हणून घडला तो मराठी मुलखात. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकून ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. खडकवासल्याला १९०३ साली बसविलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र नीरा कालव्यावरचे काम अधिक मोलाचे वाटते. थोड्यांनी उसाला भरमसाट पाणी द्यावे आणि बाकीच्यांनी कोरडे राहावे, हे टाळण्यासाठी १८९९ च्या सुमारास त्यांनी ब्लॉक पद्धत आखली. जमिनीचे गट पाडायचे, गटात ऊस ठरावीक भागापुरताच, उरलेल्यात हंगामी पिके. त्यामुळे तेच पाणी अधिक गावांना पुरावे, हा हेतू.

दिवाणगिरीच्या सहा वर्षांत त्यांनी म्हैसूरला बँक दिली (१९१३), विद्यापीठ दिले (१९१६). कृष्णराजसागर धरणाचे काम आधीच, १९११ साली, सुरू झाले होते; ते त्यांनी नेटाने पुढे नेले.

पण सरकारी पदांची वाटणी पुढे आली, तेव्हा मात्र गणित अडले. ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत वाटा मिळावा म्हणून महाराजांनी १९१८ साली मिलर समिती नेमली. विश्वेश्वरय्यांना गुणवत्तेखेरीज दुसरा निकष मान्य नव्हता. त्याच वर्षअखेर त्यांनी दिवाणपद सोडले.

इकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ सालीच निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या होत्या. सक्तीच्या शिक्षणाची तळमळ दोघांनाही होती. म्हैसूरचा कायदा १९१३ चा, कोल्हापूरचा १९१७ चा. फरक इतकाच, की आज शिकू लागलेल्याने नोकरीसाठी किती वाट पाहायची, हा प्रश्न शाहूंना अधिक बोचत होता.

कालव्याच्या शेपटाला पाणी आपोआप पोचत नाही, त्यासाठी नियम करावा लागतो, हे विश्वेश्वरय्यांइतके कोणाला कळले होते? तोच न्याय माणसांना लावताना त्यांचे मन कचरले, असे मला वाटते. त्यांच्या सचोटीला यामुळे उणेपण येत नाही. मात्र तज्ज्ञाच्या हाती सत्ता दिली, की राजकारण संपते, ही आपली भाबडी समजूत तेवढी ढळावी.

म्हैसूरला पुढे दोन्ही मिळाले. १९२१ साली समितीच्या शिफारशींचा हुकूम निघाला आणि त्यानंतर दहाएक वर्षांत धरणही पुरे झाले.