शेजारची शाळा

ज्युबिलीच्या या पुस्तकांत आमच्या देवळाचा वृत्तांत इतरत्र आलाच आहे. आम्ही येथें भिवंडीच्या नगरपालिकेनें चालविलेल्या प्राथमिक शाळांविषयीं लिहीत आहों. देवळाच्या पुस्तकांत पालिकेच्या शाळेचें काय काम, असें कोणी विचारील. परंतु शेजाऱ्याचा इतिहास ठाऊक नसतां शेजारधर्म कसा पाळावा, हें आम्हांस कळत नाहीं.

भिवंडीस नगरपालिका 1865 सालीं स्थापन झाली. प्राथमिक शिक्षण नगरपालिका व लोकल बोर्डें यांच्याकडे सोंपवावें, अशी शिफारस 1882 सालच्या हंटर कमिशनानें केली. त्याच कमिशनापुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं निवेदन देऊन, शेतकऱ्यांच्या करांतून वरिष्ठ वर्गांचें उच्च शिक्षण चालतें हें स्पष्ट सांगितलें आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, अशी मागणी केली. गोखल्यांचें बिल 1912 सालीं नामंजूर झालें. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें 1918 सालीं मुंबई इलाख्यांतील नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली. मुभेबरोबर पैसा मात्र पुरेसा मिळाला नाहीं. शिक्षणहक्काचा कायदा अंमलांत आला तो 1 एप्रिल 2010 रोजीं, म्हणजे फुल्यांच्या निवेदनानंतर सव्वाशेंहून अधिक वर्षांनीं.

भिवंडीची गोष्ट मात्र कायद्यांपेक्षां मागांनीं घडविली. आगरी, कोळी, कुणबी आणि कोंकणी मुसलमान हे येथले जुने रहिवासी. उत्तर हिंदुस्थानांतून मोमीन विणकर आले, तेलंगणांतून पद्मशाली आले, आणि 1982 च्या मुंबईच्या गिरणी संपानंतर तर यंत्रमागांची खटखट गल्लोगल्लीं पसरली. आमच्यांतीलही पुष्कळ कुटुंबें पोटामागें येथें आलीं. अशा गांवांत शाळेनें कोणती भाषा शिकवावी? अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेंत मिळावें, असें कलम 1956 सालीं राज्यघटनेंत घातलें गेलें. पालिकेनें मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू अशा शाळा चालविल्या. हें योग्यच झालें. पाद्री स्टीफन्स यांनीं 1616 सालीं क्रिस्तपुराण मराठींत छापून प्रसिद्ध केलें, तें लोकांना कळावें म्हणूनच.

परंतु या व्यवस्थेला दुसरी बाजूही आहे. एका चाळींतील चार मुलें सकाळीं चार दिशांना जातात. एकाच नळावर त्यांच्या आया पाणी भरतात, पण मुलांनीं एका बाकावर बसण्याचा योग येत नाहीं. मे 1970 मध्यें आणि पुन्हां मे 1984 मध्यें या शहरांत दंगली झाल्या. दोन्ही वेळीं शाळांना सुट्टी होती, हा योगायोग. पण सुट्टी नसती तरी ज्यांची ओळखच नाहीं त्यांनीं एकमेकांस कसें ओळखावें? पोलिस अधिकारी सुरेश खोपडे यांनीं 1988 पासून मोहल्ला कमिट्या उभारून मोठ्या माणसांस एकत्र बसविलें. 1992 च्या डिसेंबरांत आणि पुढच्या जानेवारींत मुंबई पेटली, तेव्हां भिवंडी शांत राहिली. जें काम कमिट्यांना करावें लागलें, त्याचा आरंभ बाकावर व्हावयास हवा होता, असें आमचें मत आहे.

आतां आमची स्वतःची चूक. एक पद्मशाली विणकर आपल्या मुलीस घेऊन आमच्याकडे आला. एका इंग्रजी शाळेंत तिला प्रवेश नाकारला होता, आणि आम्ही चिठ्ठी द्यावी अशी त्याची इच्छा होती. 'पालिकेची शाळा आहे ना,' असें आम्ही म्हणालों, आणि ज्या स्वरांत म्हणालों तो आम्हांस अजून आठवतो. ती शाळा आम्हीं कधीं आंत जाऊन पाहिली नव्हती. इंग्रजीचा मान वाढविण्यांत आम्हां ख्रिस्ती लोकांचा वांटा थोडा नाहीं. ज्यांना फी परवडत नाहीं त्यांनीं कोठें जावें, याची चौकशी आम्हीं क्वचितच केली.

पुढें आम्ही त्या शाळेंत गेलों. वर्ग दाटीचा होता. बाईंचा आवाज बाहेरच्या मागांच्या आवाजावर चढत होता. ती मुलगी दुसऱ्या रांगेंत बसली होती. तिच्या वहीच्या मागल्या पानावर आईनें घरीं भरलेल्या कांड्यांचा हिशेब होता. आंकडे मराठी, नांवें तेलुगू. बाईंनीं तो पाहिला, एक बेरीज दुरुस्त केली आणि वही तिला परत दिली.