चेहरा गेला, भाडे राहिले

सरकारी कचेरीतला छळ समोरासमोरच्या गाठीभेटींतून जन्मतो. साहेब आणि व्यापारी यांची भेटच बंद करा, सगळे संगणकावर न्या, म्हणजे लाचही थांबेल आणि दिरंगाईही, हे मत आता सर्वमान्य झाले आहे. मला ते अर्धेच पटते. उरलेले अर्धे छोट्या उद्योजकाचे नुकसान करणारे आहे. या मताची परीक्षा चेन्नईच्या बंदरावर घ्यावी, कारण प्रयोगाचा आरंभच तिथे झाला.

8 जून 2020 रोजी कस्टम्सने चेन्नई आणि बंगळुरू इथे चेहराविहीन मूल्यांकन सुरू केले. ऑक्टोबरअखेर ते देशभर पोचले. चेन्नईत दाखल झालेली बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचे विवरणपत्र, आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहू शकतो. यातला लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. ओळखीच्या टेबलावर पाकीट सरकवण्याची एक वाट त्यामुळे अरुंद झाली.

तरीही ऑक्टोबर 2025च्या सुरुवातीला याच चेन्नईतल्या विनट्रॅक या कंपनीने आपण भारतातली आयात-निर्यात थांबवत असल्याचे जाहीर केले. लाचखोरी उघड केली म्हणून आपला छळ झाला, असा तिचा आरोप. कस्टम्सने तो साफ फेटाळला. मालाचे विवरण चुकीचे होते, आवश्यक प्रमाणपत्र नव्हते, असे त्यांचे म्हणणे. अर्थ मंत्रालयाने महसूल विभागाला चौकशी करायला सांगितले. खरे कोणाचे, ते चौकशीने ठरवावे. मला खटकली ती चर्चेची दिशा. काही म्हणाले, लाच मागितली असणार. काही म्हणाले, कागद चोख असते तर माल अडलाच नसता. माल अडायला कोणीतरी लबाड माणूस लागतोच, हे दोघांनीही गृहीत धरले.

तसा तो लागत नाही. अधिकारी सचोटीचा आहे, आयातदारही सरळ आहे, आणि वस्तू नेमकी कोणत्या शुल्क-शीर्षाखाली येते याबद्दल खरीच शंका आहे, असे समजा. पडद्यावर क्वेरी येते. उत्तर जाते. पुन्हा क्वेरी येते, मग नमुना प्रयोगशाळेत जातो. यात बेकायदा काहीच नाही. पण तोवर कंटेनर फ्रेट स्टेशनात जागाभाडे चढत असते आणि मोफत दिवस संपले की जहाज कंपनीचा डिटेन्शनचा, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याचा, आकारही लागतो. मोठ्या कंपनीचे आणखी दहा कंटेनर वाटेत असतात. छोट्याचे सगळे भांडवल त्या एका पेटीत असते.

हे दुखणे संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. मद्रास पोर्टचे विश्वस्त विरुद्ध अमीनचंद प्यारेलाल या 1975च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की विलंबात आयातदाराचा दोष नसला तरी बंदराला डेमरेज, म्हणजे रेंगाळलेल्या मालाचे जागाभाडे, मागता येते. 1995च्या ग्रँड स्लॅम प्रकरणातही सूत्र तेच राहिले. बंदराचा हक्क मला समजतो. त्याने जागा दिली आहे. पण माल चुकीने अडवणाऱ्या खात्याने ते भाडे का भरू नये?

उलट बाजूचा हिशेब मात्र चोख आहे. बिल ऑफ एंट्री उशिरा दाखल केली तर पहिले तीन दिवस रोज 5,000 रुपये आणि पुढे रोज 10,000 रुपये आकार. व्यापाऱ्याच्या उशिराची किंमत रुपयांत ठरलेली आहे, कचेरीच्या उशिराची शून्य.

यावर सांगितले जाते, की 2009च्या नियमांनुसार कस्टम्सने अडवलेल्या मालावर गोदामचालकाने भाडे घ्यायचे नाही. नियम खरा आहे. पण सवलत मागायला कस्टम्सचेच प्रमाणपत्र लागते, म्हणजे ज्यांनी माल अडवला त्यांच्याच दारात पुन्हा उभे राहायचे. शिवाय नुसत्या क्वेरीत रेंगाळलेला माल रीतसर ‘अडवलेला’ ठरतोच असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उशिराची भरपाई द्यावी लागली तर अधिकारी धास्तावतील आणि तस्करीचा मालही डोळे मिटून सोडतील. म्हणूनच भरपाई अधिकाऱ्याच्या खिशातून नको, खात्याच्या खात्यातून हवी. आणि तीही शंका निराधार ठरल्यावरच. जप्त केलेल्या संशयित मालाची हमीपत्र घेऊन तात्पुरती सुटका करण्याची सोय कस्टम्स कायद्याच्या कलम 110अ मध्ये आहेच. सरकारला हे तत्त्व नवेही नाही. शुल्काचा परतावा अर्जानंतर तीन महिन्यांत दिला नाही, तर याच कायद्याचे कलम 27अ त्यावर व्याज द्यायला लावते. अडकलेल्या पैशाला व्याज मिळते. अडकलेल्या मालाला तोच न्याय लावायला हवा.

महाराष्ट्राने 2015च्या लोकसेवा हक्क कायद्यात दिरंगाई करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड ठरवला. केंद्राने 2011च्या डिसेंबरात असेच विधेयक लोकसभेत मांडले होते. 2014 साली ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळले. कस्टम्स केंद्राचे, त्यामुळे राज्याचा कायदा बंदराच्या फाटकाबाहेरच थांबतो. ते विधेयक पुन्हा मांडावे, आणि त्यात अडलेल्या मालाच्या भाड्याचे कलम घालावे.