सांभाळणारा कोणी आहे का?

1993 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात शिकणाऱ्या इयन मर्डॉकने लिनक्स या संगणकप्रणालीच्या डेबियन नावाच्या संचाची घोषणा केली, तिच्या मुळाशी वैताग होता. त्या काळी लिनक्स वापरू पाहणारे बरेच जण एसएलएस नावाचा तयार संच संगणकावर चढवत. संचात चुका भरपूर होत्या आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नव्हते. पुढच्या जानेवारीत मर्डॉकने जाहीरनामा लिहिला. असे संच सुरुवातीला चांगले असतात, मग हळूहळू देखभाल मागे पडते, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. देखभाल हेच मुख्य काम मानणारी व्यवस्था त्याला उभारायची होती.

त्यासाठी डेबियनने कामाची वाटणी केली. प्रत्येक सॉफ्टवेअरचे एक पॅकेज, आणि प्रत्येक पॅकेजमागे नाव लिहिलेला मेंटेनर. मूळ लेखकाने नवी आवृत्ती काढली की ती डेबियनमध्ये आणायची, वापरणाऱ्यांच्या तक्रारी बघायच्या, सुरक्षेतले भोक बुजवायचे, ही सगळी त्याची जबाबदारी. मात्र हे मेंटेनर स्वयंसेवक. नोकरी बदलते, घरी मूल येते, आवड दुसरीकडे वळते. माणूस निघून जातो आणि पॅकेज मात्र जगभरच्या संगणकांवर चालत राहते. अशा पॅकेजचे काय करायचे, हा प्रश्न डेबियनला गेली तीस वर्षे सोडवावा लागतो आहे.

पहिला उपाय दत्तक देण्याचा. ज्याला जमत नाही त्याने तसे जाहीर करावे, म्हणजे पॅकेज ‘अनाथ’ म्हणून यादीत लागते. दुसरा कोणी पुढे येईपर्यंत गुणवत्ता गट त्याच्याकडे जमेल तेवढे बघतो. काही मेंटेनर मात्र काही न सांगताच दिसेनासे होतात. पॅकेजवर नाव त्यांचेच, त्यामुळे दुसऱ्याला हात घालायला संकोच वाटतो. हा पेच सोडवायला 2018 मध्ये नियम झाला. दुर्लक्षित पॅकेज आपण घेऊ इच्छितो असे उघड लिहायचे आणि एकवीस दिवस थांबायचे. तोवर मूळ मेंटेनरने हरकत घेतली नाही, तर पुढे जायचे. कोणाचा अपमान न करता काम हलवण्याची ही रीत आहे आणि तिच्यामुळे कितीतरी पॅकेजे वाचू शकतात.

दत्तक घ्यायला कोणीच आले नाही, की काढून टाकण्याचा अर्ज होतो. डेबियनमध्ये तोही एक ‘बग’, म्हणजे तक्रारीची नोंदच असतो. विषयाच्या ओळीत आधी ‘आरएम’, मग पॅकेजचे नाव, मग कारणाचे संक्षिप्त रूप. ‘आरओएम’ म्हणजे मेंटेनरने स्वतः केलेली विनंती, ‘आरओक्यूए’ म्हणजे गुणवत्ता गटाकडून आलेली. खाली कारणे लिहायची: मूळ प्रकल्प बंद पडला, नव्या कंपायलरवर पॅकेज बांधले जात नाही, गंभीर बग तसेच पडून आहेत, तेच काम करणारे दुसरे पॅकेज उपलब्ध आहे. संग्रह सांभाळणारा गट आधी काढण्याची रंगीत तालीम घेतो. हे पॅकेज गेले तर आणखी कोणकोणती मोडतील, त्याची यादी संगणक देतो. यादीत नावे निघाली, की आधी ती निस्तरावी लागतात. सगळा व्यवहार कोणालाही वाचता येतो, कारण अडचणी लपवणार नाही असे वचन डेबियनने 1997 च्या सामाजिक करारात दिले आहे.

किती लोक वापरतात, हेही बघितले जाते. त्यासाठी ‘पॉपकॉन’ आहे. ज्यांनी संमती दिली आहे, त्यांच्या संगणकावरून कोणती पॅकेजे वापरात आहेत याची नोंद आपोआप जाते. हा आकडा सावधपणे वाचावा लागतो. मराठी शुद्धलेखन तपासणारे ‘एस्पेल-एमआर’ घ्या. इंग्रजी शब्दकोशाच्या तुलनेत त्याची संख्या कमीच राहणार. पण ज्याला मराठीत लिहायचे आहे, त्याचे काम दुसऱ्या भाषेच्या कोशाने भागत नाही. म्हणून आकडा लहान असणे हे एकटे कारण पुरेसे धरता येत नाही. तक्रार आली तर उत्तर द्यायला कोणी आहे का, हे अधिक महत्त्वाचे.

2013 पासून या कामात यंत्राचीही मदत आहे. पुढच्या आवृत्तीची जुळणी जिथे होते, त्या ‘टेस्टिंग’ शाखेतल्या पॅकेजमध्ये गंभीर बग राहिला तर मेंटेनरला सूचना जाते आणि मुदतीत दुरुस्ती झाली नाही तर पॅकेज तिथून आपोआप निघते. बगवर कोणी नुसते उत्तर लिहिले तरी मुदत लांबते. नव्या आवृत्त्या आधी जिथे येतात, त्या ‘अनस्टेबल’ शाखेत पॅकेज शिल्लक असते, दुरुस्त झाले की परत येते. ज्यांच्यावर बाकीचा डोलारा उभा आहे, अशी पॅकेजे यातून वगळलेली असतात.

सगळ्यात मोठी कसोटी लागली पायथन 2 च्या वेळी. या भाषेचा आधार आधी 2015 मध्ये संपायचा होता, तो 1 जानेवारी 2020 पर्यंत वाढवला गेला. 2019 च्या ऑगस्टमध्ये डेबियनने तिच्यावर अवलंबून असलेल्या हजारो पॅकेजांवर एकगठ्ठा बग नोंदवले. ई-पुस्तकांसाठी प्रसिद्ध असलेले कॅलिबर त्याच पेचात सापडले. त्याचे निर्माते, भारतीय प्रोग्रामर कोविद गोयल, यांनी पूर्वी उघडपणे सांगितले होते की सगळा कोड बदलण्यापेक्षा पायथन 2 आपणच सांभाळणे सोपे. मग इतरांनी पायथन 3 साठीचे बदल लिहायला घेतले. डेबियनने ते पूर्ण होण्याआधीच स्वीकारले. त्यात वापरणाऱ्यांचे कित्येक प्लगइन बंद पडले आणि त्यांचा त्रास खरा होता. सप्टेंबर 2020 मध्ये कॅलिबर 5 अधिकृतपणे पायथन 3 वर आले. 2021 च्या डेबियन 11 मध्ये पायथन 2 काही पॅकेजे बांधण्यापुरते उरले होते, 2023 च्या डेबियन 12 मध्ये तेही राहिले नाही.

दत्तक देण्यातही धोका असतो, हे मार्च 2024 मध्ये कळले. फाइली आकसण्याचे ‘एक्सझेड’ हे साधन एक थकलेला माणूस जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. मदतीला आलेल्या अनोळखी व्यक्तीने दोन-तीन वर्षे रीतसर काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरवाट घातली. ती डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांपर्यंत पोचली होती. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला डेबियनवर काम करताना दूरच्या संगणकात प्रवेश करायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले. त्याने पाठपुरावा केला आणि 29 मार्चला प्रकार उघड केला. सांभाळायला कोणीतरी मिळाले एवढ्यावर समाधान मानता येत नाही, मिळालेल्या माणसाला सोबतही लागते.

काढण्याचे काम आता प्रत्येक आवृत्तीचा नेहमीचा भाग झाले आहे. डेबियन 12 मधून 6,296 हून अधिक पॅकेजे कालबाह्य म्हणून गेली, ऑगस्ट 2025 च्या डेबियन 13 मधून 8,840 हून अधिक. त्याच आवृत्तीत जुन्या 32-बिट इंटेल संगणकांसाठीचा इन्स्टॉलर आणि कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाही थांबला. 1991 मध्ये लिनस टोरवाल्ड्सने ज्या 386 प्रोसेसरवर लिनक्स लिहिले, त्याचा आधार तर लिनक्स कर्नलने 2013 च्या सुरुवातीलाच सोडला होता. काढलेली पॅकेजे नष्ट मात्र होत नाहीत. 2005 पासूनच्या आवृत्त्या डेबियनच्या ‘स्नॅपशॉट’ संग्रहात तारखेनुसार ठेवल्या आहेत. ज्याच्या घरी 32-बिट संगणक आहे, त्याने डेबियन 13 कडे वळू नये, असा प्रकल्पाचा सल्ला आहे. डेबियन 12 ला 30 जून 2028 पर्यंत दीर्घकालीन आधार मिळणार आहे.