किल्ला, दिवाळीतील (पनवेल परिसर)

दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात रचतात ती दुर्गाची मातीची प्रतिकृती. महाराष्ट्रभर रूढ असलेल्या या खेळाला पनवेलमध्ये नमुने शोधावे लागत नाहीत: कर्नाळा, प्रबळगड, कलावंतीण, माणिकगड जवळच आहेत. कर्नाळा व प्रबळ १६६५ च्या पुरंदर तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांपैकी होत.

दगड-विटांचा ढीग रचून त्यावर ओले गोणपाट पसरतात व चिखलाने लिंपतात. माती सुकताना तडे जातात. ते पातळ चिखलाने बुजवावे लागतात. ओल्या उतारावर अळीव किंवा मोहरी पेरली की चार-पाच दिवसांत हिरवळ उगवते. तटाला गेरू, बुरुजांना पुठ्ठा, तळ्याला जुने घमेले.

खरी अडचण प्रमाणाची. १:७२ प्रमाणात कर्नाळ्याचा सुमारे १२५ फुटी सुळका (‘अंगठा’) अर्ध्या मीटरवर येतो, पण सुमारे ४४० मीटर उंचीचा डोंगर सहा मीटरांचा होतो. म्हणून डोंगर दाबून सुळका ताणतात. एच. जी. वेल्सच्या ‘लिटल वॉर्स’पासून (१९१३) छंद म्हणून फोफावलेल्या युद्धखेळांच्या मेजांवरही हीच तडजोड चालते. तिथे मात्र सैनिक एका मापाचे असतात. इथे सिंहासनावरचे महाराज दरवाजापेक्षा उंच, आणि पायथ्याच्या मावळ्यांशेजारी प्लॅस्टिकचा वाघही खपतो. तुळशीच्या लग्नापर्यंत बहुतेक किल्ले ढासळलेले असतात.