सेलच्या पोटात काय असते?

आमच्या खानदेशात टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात, आणि तिच्या पोटात असतो तो ‘सेल’. भुसावळ पडले रेल्वेचे गाव. रात्रपाळीला निघालेल्याच्या हाती बॅटरी, केळीला रात्री पाणी द्यायला जाणाऱ्याच्याही हाती बॅटरी. त्यामुळे घरोघरी संपलेले सेल साठत. ते लगेच कोणी फेकत नसे. आधी ते उन्हात ठेवत. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, म्हणून आणखी थोडा उजेड मिळे. मग सेल भिंतीवरच्या घड्याळात जाई, कारण घड्याळाला वीज अगदी थोडी लागते. तिथेही थकला, की पोरे तो दगडाने फोडत.

आत निघे तो खरे तर इतिहासच! फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने १८६६ साली केलेला घट काचेच्या बरणीतला, द्रव भरलेला. तारायंत्राला तो उत्तम, पण हातात घेऊन फिरणार कसे? जर्मनीच्या कार्ल गासनरने १८८६ मध्ये द्रवाऐवजी ओलसर लगदा भरला आणि भांडेच जस्ताचे केले. हा आपला ‘कोरडा’ सेल. बाहेर जस्त, मधोमध कार्बनची कांडी, भोवती मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड आणि नवसागर. नवसागर म्हणजे कल्हईवाला वापरतो तोच बरे का! आणि सेलच्या कारखान्यांना लागणारे मँगनीजचे खनिज आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघते.

जस्त झिजत झिजत वीज देते. भांडेच झिजते, म्हणून जुना सेल पाझरतो.

शाळांनी या मालाचे सोने केले. काळी पूड पाल्याच्या रसात खलून फळा रंगवला जाई. कांड्या पाण्याच्या विघटनाच्या प्रयोगाला, आणि जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य आम्ल टाकून हायड्रोजन. प्रयोगशाळा नसलेल्या गावात पोरांनी रसायनशास्त्र असे डोळ्यांनी पाहिले.

पण मंडळी, या काटकसरीची दुसरी बाजूही सांगायला हवी. जस्त लवकर गंजू नये म्हणून त्या काळच्या सेलमध्ये थोडा पाराही असे. अमेरिकेने १९९६ मध्ये कायदा करून त्यावर बंधने घातली. आपल्याकडे २००१ चे बॅटरी नियम फक्त शिसे-आम्लाच्या मोठ्या बॅटऱ्यांपुरते होते. घरातले छोटे सेल २०२२ च्या नियमांत आले. आता ते गोळा करून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि कचऱ्यापासून वेगळे ठेवण्याची आपल्यावर.

मोबाइलचा लिथियमचा सेल तर फोडायचाच नाही, तो पेट घेतो. बटणासारखा सेल बाळाने गिळला, तर अन्ननलिका जळते. तडक दवाखाना गाठावा.

तेव्हा घड्याळापर्यंतची जुनी काटकसर जरूर चालू ठेवावी. त्यापुढे दगड नको, एक डबा ठेवावा. आत काय आहे हे नातवंडांना चित्र काढून सांगावे. फोडून पाहिले नाही, तरी ठाऊक असायलाच हवे.