शनिवारवाड्याची जडणघडण

पुण्यातील शनिवारवाडा लहानथोर सर्वांच्या परिचयाचा आहे. परंतु ही वास्तू एकाच वेळी, एकाच हाताने उभी राहिलेली नाही, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

थोरले बाजीराव पेशवे यांनी दि. १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याचा पाया घातला. जुन्नरच्या रानातील सागवान, चिंचवडच्या खाणीतील दगड व जेजुरीकडील चुना आणविण्यात आला. दि. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. एकंदर खर्च रुपये १६,११० इतका आला.

पुढे प्रत्येक पिढीने वाड्यात भर घातली. भोवतालचा कोट व बुरूज नानासाहेब पेशव्यांनी पुरे केले. कोटाचे खालचे काम दगडी असून वरचे विटांचे आहे. त्यांच्याच काळात, १७५५ च्या सुमारास, गणपती रंगमहाल झाला. बाल सवाई माधवरावांसाठी कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे बांधले गेले. अशा रीतीने राहत्या घराची राजधानीची वास्तू झाली.

१८१८ साली पेशवाई संपली. त्यानंतर दहा वर्षांनी, दि. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी, वाड्यास मोठी आग लागली. ती सात दिवस धुमसत होती. सागवानी खांब, तुळया, नक्षीची छते, सारे जळून गेले. दगडी जोती व कोट तेवढे राहिले.

ही जोती पुढे बरीच वर्षे मातीखाली गाडलेली होती. १९१९ साली वाडा संरक्षित ठरला व १९२३ पर्यंत खोदकाम होऊन ती उघडी झाली. चौक कोठे, दालने कोठे, पाणी कोणत्या वाटेने खेळत होते, हे आज त्या जोत्यांवरूनच समजते. मध्यंतरी कोणी ते दगड उपटून नेले असते, तर वाड्याची ही खूणही उरली नसती.

सात मजल्यांच्या गोष्टी लोक सांगतात. परंतु खात्रीने सांगता येते ते दोनच गोष्टींच्या आधारे. एक, जागेवर राहिलेला दगड. आणि दुसरा, कोणीतरी नीट लिहून ठेवलेला हिशेब. म्हणूनच अडीचशेहून अधिक वर्षांनंतरही खर्चाचा आकडा रुपयापर्यंत सांगता येतो.

जुन्या वास्तूत नवी भर घालणे यात गैर काहीच नाही. पेशव्यांनीही तेच केले. मात्र जुना दगड हलविण्यापूर्वी तो कोठे, कसा होता याची नोंद ठेवावी, व होता होईल तो त्यास जागेवरच राहू द्यावे. पुढील पिढीस आपला ठावठिकाणा त्याच्यावरूनच कळणार आहे.